उपाशी फरशा

शाळेनं पालकांना बोलावलं होतं. दुसऱ्या कुठल्याही घरात याचा अर्थ आई आणि वडील असा झाला असता. या घरात तो पाच माणसं आणि एक खुर्ची असा झाला.

खुर्ची वर्गाच्या दारात अडकली. आतून भिंगरीचे वडील ओढत होते, बाहेरून आत्या रेटत होती आणि आजोबा व्हरांड्यात उभे राहून दोघांचंही चुकतंय असं सांगत होते.

"तिरकी घे. अरे, तिरकी! खुर्च्यांच्या घरात जन्मलास आणि एक खुर्ची दारातून नेता येत नाही?"

"बाबा, हात फारच रुंद केलेत हो तुम्ही."

"मुद्दाम केलेत."

सगळंच मुद्दाम केलं होतं. दुकानातली बाकीची कामं बाजूला सारून आजोबांनी ही खुर्ची नातीच्या मापानं घडवली होती. पाठ जराशी मागे कललेली, बैठक वेताच्या जाळीची, पाय जड लाकडाचे, म्हणजे डुलायची सोयच नाही. नात वर्गात एका जागी बसत नाही अशी तक्रार आली, तेव्हा तीन पिढ्या खुर्च्या करणाऱ्या घराला एकच कारण सुचलं. शाळेतल्या खुर्च्याच वाईट असणार.

"त्या पत्र्यावर मीसुद्धा बसणार नाही," आजोबा म्हणाले होते.

आजोबा तसे कशावरच बसत नसत. घरातला हा जुना विनोद होता. जेवण उभ्यानं, वर्तमानपत्र येरझाऱ्या घालत, आणि नवी खुर्ची तयार झाली की तिच्यात बसून पाहायचं काम आजीचं. आजी अख्खी दुपार त्या खुर्चीत काढायची आणि संध्याकाळी निकाल द्यायची. "कमरेला टोचतंय," नाहीतर, "द्या ही." आजोबा का बसत नाहीत हे कुणी कधी विचारलं नव्हतं. काही माणसं असतात तशी, एवढ्यावर घर समाधानी होतं.

एकदाची खुर्ची आत गेली. मागोमाग सगळे गेले. आजोबा तेवढे उंबऱ्याशी थांबले आणि चौकटीला खांदा लावून उभे राहिले.

भिंगरीची आई पिशवी पोटाशी धरून सगळ्यांच्या मागून आत आली. आदल्या दिवशी स्वयंपाकघरात जे ठरलं होतं ते तिला अजून गिळता आलं नव्हतं. डॉक्टरांनी तिला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. मुलीला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी ठरत नाही आणि अंग स्वस्थ बसत नाही. आणि मुलीची बुद्धी वयाच्या फार पुढे पळते आहे. दोन्ही खरं आहे, एकामुळे दुसरं खोटं होत नाही, शाळेला सांगा आणि मदत मागा. ते ऐकून तिला तिथेच रडू फुटलं होतं, कारण इतकी वर्षं सगळ्यांनी तिला एकच गोष्ट सांगितली होती, की तू मुलीला लाडावून ठेवलंयस. पण घरी आल्यावर आजोबांनी हात वर केला. ती चार अक्षरं शाळेत उच्चारायची नाहीत. एकदा चिकटली की जन्मभर निघत नाहीत. आत्या लगेच त्यांच्या बाजूला गेली. आणि नवरा? त्याचं मत दुकानातल्या उशीसारखं होतं. शेवटी ज्यानं दाबलं त्याच्या बाजूला दबलेलं.

"तोंड उघडू नकोस हं वहिनी," आत्या आत्ताही कुजबुजली. "मी शाळेत शिकवते. मला माहितीये तिथं काय होतं ते."

"बरं, वन्सं."

सून एरवी नणंदेला अगं-तुगं करायची. 'वन्सं' म्हणाली की समजायचं, आता काही खरं नाही.

वर्ग मोकळा होता. फरशी धुवायची म्हणून टेबलं व्हरांड्यात रचून ठेवली होती, आणि त्या टेबलांच्या खालून, वरून, मधून भिंगरी फिरत होती. तिसरीतली मुलगी, गुडघ्यावर खरचटलेलं, एक मोजा वर, एक खाली. आत डोकावून तिनं रिकामी फरशी पाहिली मात्र, तिचे डोळे लकाकले.

"सगळी दिसतेय!" ती म्हणाली. कुणीच लक्ष दिलं नाही.

वर्गाच्या बाई तरुण नव्हत्या. दिवसभर बोलून घसा बसला होता, बाहीला खडू लागला होता. पाच माणसं आणि खुर्ची बघून त्यांनी जे काही म्हणायचं होतं ते गिळलं आणि मुद्द्यावर आल्या.

"सोमवारी मुख्याध्यापक ठरवणार आहेत. ही या वर्गात राहणार की मागच्या इमारतीत जाणार. तिथं मुलं थोडी असतात, लक्ष देता येतं. पण गणित पहिलीचं असतं, ते आधीच सांगते. मला विचारतील, तुमचं काय मत. खरं सांगू? माझं मत अजून होत नाहीये."

"झालं तरी काय नेमकं?" आजीनं विचारलं. ती सवयीनं नव्या खुर्चीत बसलीसुद्धा होती.

"मी फळ्यावर लिहीत होते. मागे वळले तर पुस्तकांचं कपाट चालत होतं."

मागच्या भिंतीला लागून या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांबलचक, बुटकं कपाट होतं. त्याला खाली चाकं होती.

"मागून ही ढकलत होती. गच्च भरलेलं कपाट! एका मुलाच्या पायावर यायचं ते थोडक्यात वाचलं. का ढकललंस, विचारलं, तर म्हणते फरशा उपाशी राहतात. तासाला मधेच उठते, कोपऱ्यातून चालत सुटते, टेबलाखालून जाते. सांगितलेलं एक काम पुरं होत नाही. आणि कधी कधी असं काहीतरी विचारते की मला रात्री झोपताना आठवतं."

आत्यानं घसा साफ केला. "जरा शिस्त कमी पडलीये घरात, बाई. आम्ही बघतो."

"वन्सं," आई म्हणाली.

"खुर्ची बघा आधी," उंबऱ्यावरून आजोबा घाईघाईनं म्हणाले. "या खुर्चीत ती बसेल. एकदा बसली की उठावंसं वाटणार नाही अशी केलीये. ऊठ गं तू. भिंगरे, ये. बस बघू."

आजी उठली. भिंगरी आली आणि बसली.

ती आजोबांसाठी बसली, हे आईला दिसलं. पाठ टेकवली, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले, पाय जुळवले. जाळीच्या कडेला बोटं घट्ट रुतवली. आजोबांनी विजयानं सगळ्यांकडे बघितलं. मुलगी बसली होती! अशी बसलेली तिला कुणी पाहिलीच नव्हती.

"वा," बाई म्हणाल्या. "छान. मग सांग बघू, आठ साते किती?"

भिंगरीनं जाळी आणखी घट्ट धरली.

"आठ साते?"

ओठ हलले, आवाज आला नाही. कपाळावर घाम आला होता. आत्या पुटपुटली, "येतं तिला. पाढे तर पाचव्या वर्षीच..." आईनं नणंदेचं मनगट पकडलं.

बाई खुर्चीसमोर उकिडव्या बसल्या. मुलीचा चेहरा त्यांनी नीट पाहिला, आणि इतक्या वर्षांच्या नोकरीत कधी न विचारलेला प्रश्न त्यांच्या तोंडून गेला.

"बाळा, तू आत्ता काय करतेयस?"

"बसतेय, बाई," भिंगरी दातांवर दात धरून म्हणाली.

आजोबांच्या चेहऱ्यावरचा विजय उतरला. चौकटीला लावलेला खांदा सुटला. जे ऐकलं ते त्यांना कानांनी नव्हे, मांड्यांनी आणि पाठीनं कळलं. बसणं हे काम असतं. सगळ्या अंगाला जुंपावं लागतं, मग दुसऱ्या कशाला काही उरत नाही. हे त्यांना ठाऊक होतं. हे त्यांना त्या मुलीच्या वयापासून ठाऊक होतं, आणि तरीही त्यांनी तिच्यासाठी जड पायांची खुर्ची केली होती.

"मग ऊठ," बाई म्हणाल्या.

भिंगरी सुटली. फळ्याशेजारच्या, दाराजवळच्या कोपऱ्याकडे धावता धावता तिनं "छप्पन्न" असं मागे फेकलं, आणि लगेच, "पण ते सोपंय. फरशांचं सांगू? आता रिकामंय, आता दिसेल!"

"सांग."

कुणीतरी 'सांग' म्हणायची ती कधीपासून वाट बघत होती हे तिच्या बोलण्यावरून कळत होतं, कारण सगळं एकदमच बाहेर आलं. कोपऱ्यातून निघायचं. सरळ नाही, तिरकं, फरशीच्या या टोकातून त्या टोकात. भिंत आली की वळायचं, आजोबांच्या जाळीतली तिरकी पट्टी कडेला पोचली की वळते ना, तसं. आणि कोपरा मिळेपर्यंत थांबायचं नाही. बोलता बोलता ती चालत होती, भिंतीला हात लावून वळत होती, आणि थोड्याच वेळात फळ्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन थांबली.

"संपलं. बघा, निम्म्या फरशांवर मी गेलेच नाही. त्या उपाशी. रोज उपाशी! ही बाजू दहा आहे, ही आठ. म्हणून."

"म्हणून म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"दोघांनाही दोननं भाग जातो ना! दोघांना एकाच आकड्यानं भाग गेला की काहीतरी राहतंच. एकानं सोडून. एकानं तर कुणालाही जातो, तो धरायचा नाही. कपाट एक फरशी पुढे आलं की दहाचे नऊ होतात. नऊ आणि आठला तसा कुठलाच नाही. मग सगळ्या जेवतात. एकदाच. दोनदा कुणीच नाही."

बाईंनी बोट फिरवत एका बाजूच्या फरशा मोजल्या. खरंच दहा होत्या. त्या तिसरीला भागाकार शिकवत होत्या आणि मुलं अजून हातचे विसरत होती. हे त्यांनी कुणाला शिकवलं नव्हतं, आणि खरं तर त्यांनाही कुणी शिकवलं नव्हतं. मुलगी सांगतेय ते बरोबर आहे की नाही हेही त्यांना ठाऊक नव्हतं. उघड्या माळावर एकटंच उभं असताना वर बघावं आणि आकाश केवढं आहे ते कळावं, तसं त्यांना झालं.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. चाललं की कळतं."

"आणि खरंच एकही राहत नाही?"

"माहीत नाही," भिंगरी म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज पडला. "त्या दिवशी कपाट मधेच परत नेलं."

मग आत्यानं पदर खोचला आणि तडक मागच्या भिंतीशी गेली.

"दादा, बघत काय बसलायस? त्या टोकाला धर. वहिनी, तू मधे. बाई, ढकलू ना?"

"ढकला," बाई म्हणाल्या आणि स्वतःच खांदा लावला.

कपाट कुरकुरलं, पुस्तकं डगमगली, आणि चाकं एक फरशी पुढे येऊन थांबली. आता खुर्ची मधे येत होती. आजी तिच्यात परत जाऊन बसली होती, कारण तिच्या मते तमाशा लांबणार होता.

"मला उचलता की मी उठू?"

"ऊठ आई, ऊठ!" आणि मुलानं खुर्ची उचलली. या वेळी ती पहिल्याच फटक्यात तिरकी होऊन दारातून बाहेर गेली. आजी व्हरांड्यात, दारासमोर, पुन्हा तिच्यात विराजमान झाली.

"खूण कोण करणार?" भिंगरीनं विचारलं. "नाहीतर कळणार नाही कुठली राहिली ते."

बाई फळ्याजवळचा खडू शोधू लागल्या. पण त्याआधी एक हात पुढे आला. आजोबांच्या खिशात गाद्या-उश्यांचं कापड आखायचा निळा खडू कायम असायचा. उंबरा कधी ओलांडला ते त्यांनाही कळलं नव्हतं. नातीच्या मागे, कोपऱ्यात, ते वाकून तयार उभे होते.

"चल," ते म्हणाले.

ती निघाली. पुढे ती, मागे ते. एक फरशी, एक निळी रेघ. भिंत, वळण, पुन्हा तिरकं. वाकून वाकून आजोबांची कंबर भरून आली असणार, पण त्यांच्या पावलात कसलाही जडपणा नव्हता. दोघं एकाच चालीनं चालत होती. तीच किंचित पुढे झुकलेली मान, तेच वळताना खांद्यानं भिंतीला विचारणं. आजी खुर्चीतून बघत होती आणि तिला नवऱ्याचं अख्खं आयुष्य दिसत होतं, जेवणाच्या ताटाभोवतीच्या येरझाऱ्यांसकट.

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली. "हे दोघं एकच आहेत."

निळ्या रेघा पसरत गेल्या. आधी मधे मोठमोठ्या मोकळ्या जागा होत्या, मग कमी झाल्या. एका ठिकाणी आई घाबरली, वाटलं आता रेघ असलेल्याच फरशीवर जाणार. पण पाऊल शेजारून निघून गेलं. बापानं हळूच बायकोचा हात धरला. या घरात असं चारचौघात कुणी कुणाचा हात धरत नसे. शेवटची मोकळी फरशी फळ्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात होती. भिंगरीनं तिच्यावर दोन्ही पाय ठेवले. आजोबांनी तिच्या पायांशी रेघ ओढली.

सगळ्यांनी शोधलं. आत्यानं तर कपाटाच्या कडेनं बोट फिरवत शोधलं. एकही फरशी कोरी नव्हती. एकीवरही दोन रेघा नव्हत्या.

आईच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तिनं ते पुसलं नाही. आपल्या पोटी आलेलं हे काय आहे, असं तिला वाटत होतं. इतकं मोठं आहे आणि आपण रोज त्याला 'मोजा वर कर' म्हणून ओरडतो.

"सगळ्या जेवल्या," भिंगरी म्हणाली. मग वर छताकडे बघून, "बाई, आणि उंचीपण धरली तर? तीन बाजू असल्या तर?"

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. हे सांगताना त्यांना इतका आनंद कधीच झाला नव्हता. "मला खरंच माहीत नाही गं."

भिंगरी तेवढ्यात व्हरांड्यात पळाली होती. बाईंनी सगळ्यांकडे बघितलं.

"हे बघा, मी खोटं सांगणार नाही. सोमवारी ती डबा विसरणार आहे. मंगळवारी कुणाला तरी ढकलणार आहे. हे इतकं येतं म्हणून ते सगळं आपोआप जाईल असं नाही. पण मागे उभं राहायची जागा देता येईल. काम थोडं थोडं करून देता येईल. मधे मधे चालून ये म्हणता येईल, दुसऱ्यांना त्रास न होता. आणि गणित वरचं. फक्त मुख्याध्यापक विचारतील, एकाच मुलीला का? मी त्यांना काय सांगू?"

आईनं तोंड उघडलं. आत्यानं या वेळी तिला अडवलं नाही. पण बोलले आजोबा.

"एडीएचडी," ते म्हणाले. चारही अक्षरं, स्वच्छ, एकेक. "डॉक्टरांनी सांगितलंय. तिच्या आईला तुम्हाला केव्हाचं सांगायचं होतं. मीच नको म्हटलं."

ते फळ्यासमोर उभे होते. हातातला खडू या बोटातून त्या बोटात फिरत होता.

"मला तिसरीतूनच काढलं शाळेतून. उंडगा म्हणायचे. मास्तर म्हणायचे, मग सगळा गाव म्हणायला लागला. त्यानंतर आजच वर्गात पाय ठेवला." खडू त्यांनी मुठीत आवळला. "मला वाटायचं, नाव दिलं की पोर संपतं. पण माझं तर चुकीचं नाव होतं हो. तिला बरोबर नाव मिळालंय."

इतक्या वर्षांच्या संसारात हे आजीलासुद्धा ठाऊक नव्हतं. ती खुर्चीतून उठून दारापर्यंत आली आणि तिथेच उभी राहिली.

बाहेरून बादली घेऊन शिपाई आला. बाईंनी हात वर केला. "आज हा वर्ग राहू दे. फरशी अशीच हवी मला सोमवारी. मुलांना दाखवायचीये. आणि कपाट आता इथंच राहील. मुख्याध्यापकांनाही इथंच बोलावते."

भिंगरी वाऱ्यासारखी परत आली आणि आजोबांच्या बोटाला लोंबकळली. "आजोबा, सोमवारी तुम्ही या ना! खूण कोण करणार?"

"कुठं?"

"माझ्या वर्गात!"

आजोबांनी आधी नातीकडे बघितलं, मग त्या निळ्या रेघांकडे. मग बाईंकडे वळले. शहाण्णव प्रकारच्या खुर्च्या करणारा, केस पिकलेला तो माणूस तिसरीतल्या मुलासारखा अडखळला.

"बसावं लागेल का?" त्यांनी विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या.